टर्की उतरल्यानंतर काय?

घरातला तरुण मुलगा ब्राऊन शुगरच्या किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेला आहे, हे कळल्यावर हादरलेले कुटुंब जेव्हा सरकारी रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात येते, तेव्हा बहुतेक वेळा एक अट सुरुवातीलाच घातली जाते. ‘काय द्यायचे ते द्या, पण त्याच जातीची गोळी नको. एक नशा सोडवायला दुसरी नशा कशाला?’ ही अट अडाणीपणाची म्हणून झटकून टाकता येत नाही. तिच्यामागे भीती असते, खर्चाचा हिशेब असतो आणि मुलगा एकदाचा पूर्ण मोकळा व्हावा अशी साधी इच्छा असते.

हीच इच्छा सध्या धोरणांच्या पातळीवरही दिसते. पंजाबात २०१७ पासून सरकारी केंद्रांतून अफूवर्गीय व्यसन असलेल्यांना बुप्रेनॉर्फिन हे बदली औषध दिले जाते. १ मार्च २०२५ पासून तेथील सरकारने अमली पदार्थांच्या विक्रीविरुद्ध मोठी मोहीम उघडली. बाजारातला माल आटला की उपचार केंद्रांवरचा ताण वाढतोच, आणि त्याबरोबर ‘बुप्रेनॉर्फिन हीच नवी सवय झाली’ ही जुनी टीकाही राजकीय व्यासपीठांवरून पुन्हा ऐकू येते. तिकडे अमेरिकेत टेक्सास राज्याने जून २०२५ मध्ये इबोगेन या आफ्रिकी वनस्पतीतील द्रव्याच्या संशोधनासाठी पाच कोटी डॉलरची तरतूद करणारा कायदा केला. आशा तीच. अफूच्या जातीचे औषध न देता अफूचे व्यसन सुटावे.

असे पर्याय खरोखर आहेत. त्यांतले काही पन्नास वर्षांच्या अनुभवाला उतरलेले आहेत, काही महागडे आहेत, तर काही सरळसरळ धोक्याचे. पण त्यांची पारख करताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, त्रास न होता नशा सुटेल का? त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुटल्यानंतरच्या सहा महिन्यांचा आहे. जीव जातो तो बहुधा त्या काळात.

त्रास कशाचा असतो?

अफू, हेरॉइन, त्याचाच भेसळयुक्त अवतार असलेली ब्राऊन शुगर म्हणजे आपल्याकडची ‘गर्द’, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. वैद्यकीय भाषेत त्यांना ओपिऑइड म्हणतात. मेंदूतल्या ठरावीक ग्राहींवर म्हणजे रिसेप्टर्सवर बसून ती वेदना कमी करतात, सुख देतात आणि श्वासाचा वेग मंदावतात. रोजच्या वापराने मेंदू या दाबाला सरावतो आणि उलट बाजूने जोर लावू लागतो. मेंदूच्या तळाशी नॉरॲड्रेनालिन हे द्रव्य तयार करणारे पेशींचे एक छोटे केंद्र आहे. नशेमुळे ते दबलेले असते. नशा अचानक थांबली की दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तसे ते उसळते.

मुंबई-पुण्याच्या व्यसनी मंडळींच्या बोलीत याला ‘टर्की’ म्हणतात. शेवटच्या हेरॉइननंतर साधारण आठ ते चोवीस तासांत जांभया, डोळ्यांतून पाणी, वाहणारे नाक, अंगावर काटा अशी सुरुवात होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटात मुरडा, उलट्या-जुलाब, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी, पाय झाडणे आणि झोपेचा पत्ता नाही, असा कळस गाठला जातो. आठवडा-दहा दिवसांत शरीर शांत होते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक तोडल्यावर जशी जिवावर बेतणारी आकडी येऊ शकते, तशी टर्की सहसा जीवघेणी नसते. पण उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी आटून, विशेषतः कोठडीत किंवा बंद खोलीत लक्ष न दिल्यामुळे, मृत्यू झालेले आहेत. ‘चार दिवस कोंडून ठेवा, आपोआप उतरेल’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे.

रक्तदाबाच्या गोळीचे दुसरे काम

टर्कीचा मोठा भाग नॉरॲड्रेनालिनच्या उसळीने होतो, तर ती उसळीच दाबली तर? १९७८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हा विचार तपासला. क्लोनिडीन हे औषध मुळात चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी शोधले गेले आणि रक्तदाब उतरवते म्हणून प्रसिद्धीस आले. ते नॉरॲड्रेनालिनच्या त्या केंद्रालाच लगाम घालते. त्याने टर्कीची लक्षणे झपाट्याने कमी झाल्याचे या डॉक्टरांनी दाखवून दिले. अफूचा लवलेश नसलेला हा पहिला भक्कम पर्याय.

हे औषध स्वस्त आहे, आपल्याकडे सहज मिळते आणि वापरातही आहे. घाम, काटा, धडधड, पोटातला मुरडा त्याने आवरतात. त्याच्या जोडीला जुलाबासाठी, उलटीसाठी आणि अंगदुखीसाठी वेगळी औषधे, भरपूर पाणी आणि मीठ-साखर असे पॅकेज दिले जाते. मर्यादाही स्पष्ट आहेत. रक्तदाब आणि नाडी एकदम उतरू शकते, उठताना चक्कर येते. म्हणून रक्तदाब मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली मात्रा ठरवावी लागते आणि औषध अचानक बंदही करता येत नाही. निद्रानाश आणि नशेची तीव्र ओढ यांवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. आणि रुग्ण पळून जातो तो बहुधा या दोन कारणांनी.

क्लोनिडीनचेच भावंड असलेले लोफेक्सिडीन ब्रिटनमध्ये १९९२ पासून वापरात आले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मे २०१८ मध्ये मान्यता दिली. टर्कीसाठी तिथे मान्यता मिळालेले हे पहिले बिगर-अफू औषध. रक्तदाबावरचा परिणाम थोडा कमी, हा त्याचा फायदा. मान्यतेसाठीच्या दोन चाचण्यांचे आकडे मात्र नीट वाचायला हवेत. एका चाचणीत सात दिवसांचा उपचार पूर्ण करणारे लोफेक्सिडीन गटात सुमारे ४० टक्के होते आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २८ टक्के. दुसऱ्या, पाच दिवसांच्या चाचणीत हे प्रमाण ४९ आणि ३३ टक्के होते. औषधाचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण चांगल्या रुग्णालयात, चाचणीच्या देखरेखीत असूनही निम्म्याहून अधिक माणसे आठवडा संपायच्या आत निघून गेली, हेही तितकेच खरे.

झोपेत व्यसनमुक्ती?

जागेपणी त्रास सोसवत नाही, तर भूल देऊन का नाही? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियात हा प्रयोग सुरू झाला. रुग्णाला भूल द्यायची आणि अफूचा ग्राहींवरचा ताबा उडवणारे औषध देऊन सगळी टर्की काही तासांत उरकून टाकायची. नव्वदच्या दशकात ‘एका दिवसात व्यसनमुक्त’ अशा जाहिराती करत अनेक देशांत यावर दवाखाने उभे राहिले.

अमेरिकेतील एका अभ्यासाने २००५ साली याचा पडताळा घेतला. हेरॉइनच्या १०६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला भूल देऊन, दुसऱ्याला बुप्रेनॉर्फिनचा एक डोस देऊन आणि तिसऱ्याला क्लोनिडीन देऊन टर्की उतरवली. बारा आठवड्यांनी उपचारात टिकलेले रुग्ण होते अनुक्रमे २०, २४ आणि ९ टक्के. म्हणजे भुलीचा खर्च आणि जोखीम पत्करून बुप्रेनॉर्फिनपेक्षा जास्त काहीच हाती लागले नाही. उलट भुलीच्या गटात तीन रुग्णांची प्रकृती जिवावर बेतण्याइतकी बिघडली. जागे झाल्यावरही अनेकांना टर्कीचा त्रास होतच होता. पुढे २०१२ साली न्यूयॉर्कमधील एका दवाखान्यात या पद्धतीने उपचार घेतलेल्या ७५ जणांपैकी दोघांचा मृत्यू झाला आणि पाच जणांना गंभीर अवस्थेत रुग्णालयात दाखल करावे लागले. तज्ज्ञांचे मत आज या पद्धतीच्या विरोधात आहे. जाहिरात कितीही चकचकीत असली तरी हा पर्याय निवडू नये.

कानामागचे यंत्र आणि आफ्रिकेतील मूळ

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस हाँगकाँगमधील एका शल्यविशारदाने शस्त्रक्रियेतील वेदना कमी करण्यासाठी कानाजवळच्या सुयांतून सौम्य वीजप्रवाह देताना असे पाहिले की, अफूचे व्यसन असलेल्या रुग्णांची टर्कीही त्याने निवळते. त्याच धाटणीचे, कानामागे चिकटवायचे एक छोटे यंत्र अमेरिकेत नोव्हेंबर २०१७ मध्ये मान्य झाले. ७३ रुग्णांच्या नोंदींत अर्ध्या तासात सगळ्यांची लक्षणे किमान ३१ टक्क्यांनी कमी झाली. पण तुलनेसाठी यंत्र न लावलेला दुसरा गट नव्हता. ज्या उपचाराकडून माणसाला एवढी आशा असते, तिथे नुसत्या विश्वासानेही लक्षणे बरीच उतरतात. त्यामुळे यंत्राचा गुण किती आणि आशेचा किती, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

इबोगेनची गोष्ट याहून नाट्यमय. मध्य आफ्रिकेतील गॅबॉन देशात धार्मिक विधींत खाल्ल्या जाणाऱ्या एका झुडपाच्या मुळाच्या सालीतले हे द्रव्य. १९६२ साली हॉवर्ड लॉट्सॉफ या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी तरुणाने ते कुतूहलापोटी घेतले. भ्रमाचा अंमल ओसरल्यावर आपली टर्कीही गेली आणि ओढही, असे त्याच्या लक्षात आले. तेव्हापासून त्याचे समर्थक वाढत गेले. अमेरिकेत त्यावर बंदी असल्याने हजारो लोक मेक्सिकोतील खासगी दवाखान्यांत जातात. पण हे द्रव्य हृदयाच्या विद्युत लयीत बिघाड करते आणि त्यातून अचानक मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्याची तुलनात्मक मोठी चाचणी अजून झालेली नाही. टेक्सासचा पैसा त्यासाठीच आहे. संशोधन व्हावे, पण तोवर हा घरी किंवा अनोळखी दवाखान्यात करून पाहण्याचा उपाय नव्हे.

आपल्याकडची जाहिरातबाजी निराळ्या वळणाची. ‘रुग्णाला न सांगता चहातून द्या, व्यसन सुटेल’ असे सांगून पुड्या विकल्या जातात. पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि माणसाच्या नकळत केलेल्या उपचाराने त्याचा निश्चय घडत नाही. ‘हर्बल’ म्हणजे निर्धोक असेही नाही. अफू हाच घटक असलेल्या काही पारंपरिक गोळ्यांचेच व्यसन लागलेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. योगासने, व्यायाम आणि नियमित दिनक्रम यांनी सावरायला मदत होते, पण त्यांची जागा उपचारांच्या जोडीला आहे.

शरीर विसरते, ओढ विसरत नाही

समजा, यांपैकी एखाद्या मार्गाने टर्की पूर्ण उतरली. रुग्ण खाऊ-पिऊ लागला, झोपू लागला, चेहऱ्यावर तेज आले. घरचे पेढे वाटतात. वैद्यकीय दृष्टीने धोक्याचा काळ इथून सुरू होतो.

रोज नशा करणाऱ्याच्या शरीराने मोठी मात्रा पचवायची ताकद कमावलेली असते. दहा-पंधरा दिवस नशा बंद राहिली की ही ताकद ओसरते. नशेच्या आठवणी, ओढ, जुने मित्र, जुना अड्डा हे सगळे मात्र जागच्या जागी असते. एखाद्या वाईट संध्याकाळी तो माणूस परत तिकडे वळतो आणि सवयीने पूर्वीचीच मात्रा घेतो. काल-परवापर्यंत जी मात्रा त्याला फक्त ‘नॉर्मल’ ठेवत होती, तीच आज त्याचा श्वास थांबवते.

लंडनमधील डॉक्टरांनी डिटॉक्ससाठी दाखल झालेल्या १३७ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. पाच जण दगावले. त्यांतील तिघे ओव्हरडोसने, चार महिन्यांच्या आत. हे तिघेही उपचार पूर्ण करून नशेपासून पूर्ण मोकळे झालेल्या ३७ जणांपैकी होते. उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांत असा मृत्यू झाला नाही. आकडा लहान आहे, पण हीच गोष्ट तुरुंगांच्या अभ्यासांतही दिसते. तुरुंगात नशा सक्तीने सुटते, पुढचा उपचार नसतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील तीस हजारांवर सुटलेल्या कैद्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या जवळजवळ तेरा पट होता. सर्वांत मोठे कारण होते ओव्हरडोस.

स्टॉकहोममधील २००३ सालचा अभ्यास याबाबतीत डोळे उघडणारा आहे. हेरॉइनच्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज बुप्रेनॉर्फिन दिले. उरलेल्या निम्म्यांना सहा दिवसांत ते कमी करत बंद केले आणि नंतर औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच आणि भरपूर होते. वर्षअखेर पहिल्या गटातील ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटात एकही नाही, आणि त्या वीस जणांपैकी चौघे मरण पावले होते. पहिल्या गटात एकही मृत्यू नव्हता.

‘आमचा मुलगा गर्दुल्ला नाही, फक्त गोळ्या खातो’ असे म्हणणाऱ्या घरांसाठीही उत्तर आहे. वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन असलेल्या ६५३ अमेरिकी रुग्णांना बुप्रेनॉर्फिन देऊन महिनाभरात बंद केले, तेव्हा यशस्वी ठरले जेमतेम सात टक्के. ज्यांना पुन्हा बारा आठवडे औषध चालू ठेवले, त्यांच्यात ते चालू असताना यशाचे प्रमाण ४९ टक्के होते. औषध थांबवल्यावर आठ आठवड्यांनी ते नऊ टक्क्यांच्या खाली आले.

कुलूप लावणारे औषध

अफूच्या जातीचे नसलेले, पण डिटॉक्सनंतरच्या धोक्याच्या काळासाठीच असलेले एक औषध आहे, नॅल्ट्रेक्सोन. ते ग्राहींवर बसते, पण त्यांना चालना देत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकवून ठेवावी तसे. वरून हेरॉइन घेतले तरी नशा चढत नाही. त्याची स्वतःची सवय लागत नाही, सोडताना त्रास होत नाही. बदली औषध नको असणाऱ्यांना हवे तसेच.

अडचणी दोन. पहिली म्हणजे ते सुरू करण्यापूर्वी सात ते दहा दिवस शरीर अफूमुक्त असावे लागते, नाहीतर गोळी घेताच भयंकर टर्की उसळते. दुसरी अडचण, रोजची गोळी माणूस स्वतःहून बंद करतो, कारण ती न घेतल्याने काही दुखत नाही. म्हणून नुसत्या गोळीचा अनुभव निराशाजनक आहे. ज्याची नोकरी किंवा परवाना पणाला लागला आहे आणि समोर बसून गोळी देणारे कुणी आहे, अशांत तिचा उपयोग बरा दिसतो. महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन अमेरिकेत या व्यसनासाठी २०१० साली मान्य झाले, त्याने दुसरी अडचण बरीच दूर झाली.

या इंजेक्शनची बुप्रेनॉर्फिनशी थेट तुलना ५७० रुग्णांवर झाली आणि २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना पहिले इंजेक्शन मिळाले, त्यांच्यात दोन्ही औषधांचे निकाल जवळपास सारखे आले. पण इंजेक्शनच्या गटातील २८ टक्के लोक तिथवर पोहोचलेच नाहीत. टर्कीच्या पुलावरूनच ते परतले. बुप्रेनॉर्फिनच्या गटात असे सहा टक्के होते. या अभ्यासातून बिगर-अफू पर्यायांची खरी जागा कळते. क्लोनिडीन किंवा लोफेक्सिडीन हा पूल आणि नॅल्ट्रेक्सोन हे पलीकडचे घर. पूल ओलांडून देऊन माणसाला उघड्यावर सोडणे, हा उपचार होत नाही.

‘बदली नशा’ म्हणावे का?

बुप्रेनॉर्फिन आणि मेथॅडोन ही अफूच्याच घराण्यातली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती सोडताना त्रास होतो आणि बुप्रेनॉर्फिनचा गैरवापर आपल्या देशात झालेला आहे. म्हणूनच ते नॅलॉक्सोनबरोबर मिसळून आणि नियंत्रित केंद्रांतून देतात. पण व्यसन म्हणजे केवळ शरीराची सवय नाही. चोरी, उधारी, सुई, पोलीस, तुटलेली नोकरी आणि दर सहा तासांनी उठणारी भूक हे सगळे मिळून व्यसन बनते. ठरलेल्या मात्रेत रोज एकदा गोळी घेऊन कामावर जाणारा, घरी पगार देणारा माणूस त्या अर्थाने व्यसनी उरत नाही. बुप्रेनॉर्फिनचा श्वासावरील परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण. ही दोन्ही औषधे २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर डिटॉक्स टाळून हीच औषधे द्यावीत, असे त्या संघटनेचे मार्गदर्शन आहे.

मग बिगर-अफू मार्ग कुणासाठी? ज्याचे व्यसन थोड्या काळाचे आहे, जो सुई घेत नाही, ज्याच्या घरी आधार आणि हाताला काम आहे आणि ज्याने हा मार्ग स्वतः, धोके समजून घेऊन निवडला आहे, त्याच्यासाठी. ज्या गावात बुप्रेनॉर्फिनचे केंद्रच नाही, तिथे निदान टर्की सुसह्य करण्यासाठीही. वर्षानुवर्षे सुई घेणारा, पूर्वी ओव्हरडोस झालेला किंवा तीन-चारदा डिटॉक्स होऊन परतलेला रुग्ण असेल, तर ‘बदली गोळी नको’ हा हट्ट त्याच्या जिवावर उठू शकतो.

महाराष्ट्राला ठाऊक असलेली गोष्ट

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात वर्षभरात ओपिऑइड घेणारे २.२६ कोटी लोक होते आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. त्या ७७ लाखांतील निम्म्याहून अधिक ज्या आठ राज्यांत आहेत, त्यांत पंजाबबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. गर्दची लाट मुंबई-पुण्याने ऐंशीच्या दशकातच अनुभवली. त्या अनुभवातून १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. टर्की उतरल्यानंतरचा मुक्काम, समूहातील बोलणे, कुटुंबाचा सहभाग आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा हा तेथील कामाचा कणा राहिला आहे. डिटॉक्स ही सुरुवात असते, हे मराठी समाजाला त्यामुळे नवीन नाही. कमी आहे ती त्या आधाराला योग्य औषधाची जोड जिल्ह्याजिल्ह्यांत मिळण्याची. खाटा आणि दहा दिवसांचे डिटॉक्स मोजणे सोपे असते. सहा महिन्यांनी किती जण जिवंत आणि उपचारात आहेत हे मोजले, तर केंद्रांचा खरा हिशेब लागेल.

तोवर कुटुंबांनी कोणत्याही केंद्रात प्रवेश घेण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. डॉक्टर केंद्रात रोज येतात का, रक्तदाब आणि नाडी कोण मोजणार? केंद्राची नोंदणी आहे का? टर्की उतरल्यावर कोणते औषध सुरू होणार, किती महिने? घरी गेल्यावर कोण फोन करणार? तो परत नशेकडे वळला तर त्याला पुन्हा घेणार की हाकलणार? ‘शंभर टक्के हमी’ असे उत्तर मिळाले तर तिथून उठावे. मारहाण, साखळी किंवा कोंडून ठेवणे हा उपचार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला अशा वागणुकीपासून संरक्षण देतो. पोलिसांच्या भीतीने घरचे मागे राहतात, पण स्वतःहून उपचारासाठी येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ खाली खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. डिटॉक्स होऊन आलेला माणूस गाढ झोपेत घोरल्यासारखा आवाज काढत असेल, हलवून उठत नसेल, ओठ निळे पडले असतील आणि श्वास तुटक असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नये. १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्यावा. नॅलॉक्सोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर असा माणूस काही मिनिटांत शुद्धीवर येतो. अनेक देशांत ते रुग्णाच्या घरी ठेवायला देतात. आपल्याकडे ते घरोघरी पोहोचलेले नाही, म्हणून वेळेत रुग्णालय गाठणे हाच मार्ग. शुद्धीवर आल्यावरही काही तास देखरेखीत राहावे लागते, कारण इंजेक्शनचा परिणाम नशेच्या आधी ओसरू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याला रागावण्याऐवजी पुन्हा उपचाराला न्यावे. व्यसनमुक्तीत परत घसरणे हे नेहमीचे आहे, आणि जिवंत राहिलेला माणूसच पुढच्या खेपेला सावरू शकतो.